पाच भोकांचं थालीपीठ

सांगलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि मला साताऱ्याच्या घरातून जरा बाहेर पडायचं होतं. अट एकच होती. टी. वाय.च्या वर्गापुढे आपल्या पीएच.डी.च्या विषयावर अर्धा तास बोलून दाखवायचं, तेही मराठीत. मी शाळेपासून गणित इंग्रजीतच शिकले. मराठीत मी भाजी आणते, भावाशी भांडते; सिद्धता कधी दिली नव्हती. त्यात चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा आवाज आधी पळून जातो.

आदल्या दिवशी सांगलीजवळ माधवनगरला आत्याकडे उतरले. शब्दकोशात विषयाचं नाव सापडलं होतं: अरेखीय विवृत्तीय अवकल समीकरण. सकाळी स्वयंपाकघरात ते मोठ्याने म्हणून पाहिलं.

"कुणाला शिव्या देतीस?" थालीपीठ थापता थापता आत्या म्हणाली.

"विषय आहे माझा."

"मग सरळ बोल की. आन् डबा घिऊन जा. उपाशीपोटी लय घाबरतीस तू."

वर्गात मागच्या बाकावर विभागप्रमुख सर बसले होते. मी शब्दकोश मनातल्या मनात मिटला. फळ्यावर एक गोल काढला आणि म्हटलं, या चकतीवर एक तंबू उभा करायचाय. कडेला उंची शून्य हवी, आणि मध्यापासून सारख्या अंतरावर सगळीकडे सारखी. उंची कशी बदलायची ते हे खाली लिहिलेलं समीकरण सांगतं. असा तंबू असतो का, एवढाच माझा प्रश्न. मध्यावर एक उंची धरायची आणि कडेकडे निघायचं. एका उंचीला तंबू कडेच्या आधीच जमिनीला टेकतो, दुसऱ्या उंचीला कड आली तरी वरच राहतो. मग या दोन्हींच्या मधली एखादी उंची अशी असणारच, की तंबू नेमका कडेवर टेकेल.

माना हलल्या. मला बरं वाटायला लागलं, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मॅडम, समीकरणात उताराला त्रिज्येनं भागलंय. मध्यावर त्रिज्या शून्य. मग भागायचं कसं?"

उत्तर मला पाठ होतं, पण इंग्रजीत. मागे सरांनी पेन खाली ठेवलं. पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला तर हाताला डबा लागला. का कोण जाणे, मी तो टेबलावर उघडला.

"ही चकती समजा," मी थालीपीठ वर धरून म्हणाले. "मध्ये भोक असलं तर शून्याची भानगडच नाही, कारण तिथे पीठच नाही. भोक नसलं, तर तंबूचा माथा टोकदार नको, गुळगुळीत हवा. म्हणजे माथ्यावर उतार शून्य. वर उतार शून्याकडे जातो, खाली त्रिज्या शून्याकडे जाते, आणि त्यांचा भागाकार मुकाट्याने एका ठरावीक संख्येवर येऊन थांबतो."

ती मुलगी बसली नाही. ती थालीपीठ न्याहाळत होती.

"पण मॅडम, ह्याला तर पाच भोकं हायती."

मी पाहिलं. मध्ये एक आणि भोवती चार. वर्ग हसला, आणि मीही. "मग या थालीपिठावर आपला तंबू चालायचा नाही," मी म्हणाले. "मध्यापासून एकाच अंतरावर फिरलं तर कुठे पीठ आहे, कुठे भोक. सगळीकडे सारखी उंची ठेवणार कशी?" उरलेला वेळ मी कधी इंग्रजीत घसरले, कधी आत्यासारखी बोलले, आणि आवाज कुठेही गेला नाही.

बाहेर सर म्हणाले, "सोमवारपासून या. डबा आणलात तरी चालेल." थालीपीठ मात्र मुलांनी संपवलं होतं.

आता इथेच राहणार म्हटल्यावर आत्या खूश झाली. तेवढ्यात मी म्हणाले, उद्यापासून मधलं एकच भोक पाड.

"आन् तेल कुटनं सोडू मग?" ती म्हणाली. "तुझं गणित तुझ्यापाशी ठेव बाई."