वन्संचं शिफारसपत्र

आमच्या वन्सं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. दिवसभर काचेच्या नळ्या धुवायच्या आणि घरी आलं की मुंग्यांमागे लागायचं. मुंग्यांना वाट कशी सापडते, ते अकरा वर्षं वह्यांत टिपून ठेवतायत. त्यांच्यापायी मला माझ्याच ओट्यावर फडकं फिरवायची चोरी!

एम.एस्सी. झालेल्या, पण पीएच.डी. राहूनच गेली. यंदा विद्यापीठात मुंग्यांवरच्याच संशोधनाची जागा निघाली. पगार, शिवाय पीएच.डी.ला नोंदणी. वयाची अट चाळीस, वन्सं एकोणचाळीसच्या. आता नाही तर कधीच नाही.

अडलं शिफारसपत्रावर. दोन हवी होती. एक जुन्या सरांनी दिलं. दुसरं देणाऱ्या मुख्याध्यापिका ऐन शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "तू गेलीस तर नळ्या कोण धुणार?"

वन्सं रडकुंडीला येऊन घरी आल्या. "वहिनी, पाचला मुदत संपते हो."

मी अर्ज वाचला. पत्र देणाऱ्याने उमेदवाराचं काम जवळून पाहिलेलं असावं, एवढंच लिहिलं होतं.

"मग माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?"

"अहो, तुम्ही माझ्या वहिनी!"

"नात्याच्या रकान्यात तसंच लिहिते."

देवाला नमस्कार करून बसले. खोटं लिहायचं नाही, एवढंच ठरवलं आणि तिथेच घोळ झाला. हात जो सुटला! 'यांना दुधाकडे बघायला सांगितलं की मुंग्या मोजत बसतात, दूध उतू जातं. एकदा पाहुण्यांच्या बुटातून रांग चालली होती, तर पाहुण्यांना तासभर अडकवून ठेवलं. मात्र अकरा वर्षांत वहीतला एक दिवस कोरा नाही. मुंग्या आल्या नाहीत त्या दिवशी "आल्या नाहीत" असं लिहिलेलं आहे.' पाचला पाच कमी असताना पाठवून दिलं.

मग वन्संनी वाचलं. "वहिनी! ही शिफारस आहे की तक्रार?"

पुढचे पंधरा दिवस मी देवासमोर आधी कान पकडायची, मग हात जोडायची.

तरी मुलाखतीचं बोलावणं आलं! मी बाहेर बाकावर बसले. दार नुसतं लोटलेलं. आतून प्राध्यापकबाईंचा आवाज आला, "दूध एकूण किती वेळा उतू गेलं?"

मी बाकावर बसल्या बसल्याच कान पकडले.

"एकोणीस," वन्सं म्हणाल्या. "त्यातल्या चौदा वेळा उन्हाळ्यात. तेव्हा मुंग्या लवकर निघतात, नेमक्या दुधाच्या वेळेला."

आत एकच हशा पिकला. मग बाई म्हणाल्या, "बाकी सगळी पत्रं एका साच्यातली. या एकाच पत्रात माणूस दिसलं. एक तारखेपासून या."

वन्संनी बाहेर येऊन मला गच्च धरलं आणि गरगर फिरवलं.

"अहो बाई, पडाल!" शिपाई ओरडला.

"पडू दे!" आम्ही दोघी एकदमच.

घरी येऊन मी देवापुढे वाटीत साखर ठेवली, डोळे मिटले.

"वहिनी," मागून वन्सं हळूच म्हणाल्या, "वाटी जरा डावीकडे सरकवा ना. रांग तिकडून येते."