चावी की किल्ली

इंग्लंडातल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या घराचं पुढचं दार ओढलं की आपोआप लॉक होतं. बाहेर पडल्यावर खिसा रिकामा निघाला, तर बसा पायरीवर लॉकस्मिथची वाट बघत. म्हणून निघताना मी नवऱ्याला विचारते, "अहो, चावी घेतली का?" आणि हे खिशावर हात मारून म्हणतात, "चावी नाही, किल्ली घेतली."

लग्न झाल्यापासून हेच चाललंय. आधी हाउन्सलोच्या भाड्याच्या खोलीत, मग स्लाऊला, मग इथे. मी वसईची, हे पुण्याचे. यांच्या मते चावी हा पोर्तुगीजांनी जाताना मागे टाकलेला शब्द, अस्सल मराठी माणूस किल्लीच म्हणणार. "तुमची वसई आमच्या पुण्याच्या फौजेनं सोडवली. सोडवलेल्यांनी निदान सोडवणाऱ्यांचा शब्द तरी वापरावा." त्यावर माझं उत्तर ठरलेलं असायचं. "मग उद्यापासून पाव आणि बटाटा बंद. चावी काय, किल्ली काय, दार उघडलं म्हणजे झालं." पुण्याच्या माणसाला वादात हरवणं कठीण. मी हरतही नसे, सोडतही नसे.

हे रिटायर झाले आणि काहीतरी बिघडायला लागलं. केटल लावायची आणि चहा करायचाच विसरायचा. एकच गोष्ट जेवताना सांगायची आणि भांडी आवरताना पुन्हा सांगायची. हाउन्सलोहून मुलगी आली की टक लावून बापाकडे बघत राही. एकदा किचनमध्ये मला म्हणाली, "आई, बाबांची विसरणं मला नॉर्मल नाही वाटत. जीपीकडे अपॉइंटमेंट घे ना."

ती इथेच जन्मलेली. तो, ती, ते तिला कधी नीट जमलं नाही. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आधी बाबांचं विसरणं म्हणायला शीक." तिनं विषय सोडला. मला तेवढंच हवं होतं.

जीपीऐवजी, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरऐवजी, मी टूर बुक केली. घरात बसून डोक्याला गंज चढलाय, हवापालट झाली की उतरेल, असं मी स्वतःला समजावलं होतं. ब्राझीलमधली जुनी पोर्तुगीज गावं, मग तिथले समुद्रकिनारे आणि शेवटी उरुग्वेची राजधानी. गाइड सोबत असणार, बॅगासुद्धा दुसरं कुणी उचलणार. वसईचा किल्ला ज्यांनी बांधला त्यांनी आणखी कुठे काय बांधलं ते मला बघायचं होतं, हेही खरंच.

पाराती नावाच्या गावात आम्ही उतरलो आणि मी हरखले. पांढऱ्या भिंती, रंगीत दारं, चर्चसमोर मोकळं पटांगण. रस्त्यावर हे भले मोठे धोंडे बसवलेले, त्यावरून चालायचं म्हणजे कसरत. भरतीचं पाणी थेट गल्लीत येत होतं. गेस्टहाउसच्या बाईनं आमच्या हातात पितळी चावी ठेवली आणि खोलीकडे बोट दाखवून म्हणाली, "शावी."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंत?" मी म्हटलं. "सगळं जग चावीच म्हणतं."

"हे जग नाही, हे तुझं माहेर," हे म्हणाले. मग त्या बाईला इंग्रजीत समजावून सांगू लागले, की माझी बायको तुमच्यातलीच आहे, हिला आम्ही लढाईत जिंकून आणलं. तिला ओ की ठो कळलं नाही, पण ती हसली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. हा माणूस शाबूत आहे, मी मनाशी म्हटलं. उगाच पोरीनं घाबरवलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुप चर्चपाशी जमला होता. यांची टोपी खोलीत राहिली म्हणून हे आणायला गेले. बराच वेळ झाला तरी परतले नाहीत. गाइड, एक तरुण ब्राझिलियन मुलगी, मला म्हणाली, तुम्ही थांबा, मी बघते. मी कसली थांबते. आम्ही दोघी त्या धोंड्यांवरून ठेचकाळत गेलो.

आमच्या गेस्टहाउसचं दार निळं होतं. त्याच्या मागच्या गल्लीत आणखी एक निळं दार होतं. हे तिथे उभे होते आणि परक्या घराच्या कुलपात आमची चावी घालून फिरवत होते. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

"अहो, हे आपलं नाही."

"आपलंच आहे," हे माझ्यावर खेकसले. "या लोकांनी कुलूप बदललंय. आणि तू कुठे होतीस इतका वेळ?"

गाइडनं मोठा समजूतदारपणा दाखवला. ती म्हणाली, इथले सगळेच रस्ते सारखे दिसतात, मीसुद्धा चुकते. मी तिचं वाक्य घट्ट धरून बसले. ग्रुपमध्ये सगळ्यांना तेच सांगितलं, हसून सांगितलं.

मग समुद्रकिनारे आले. पाणी सुरेख, माडांची सावली, नारळाचं पाणी. मला त्यातलं काही गोड लागलं नाही. हे वाळूत बसून लाटा बघत होते आणि मी यांना बघत होते. ग्रुपमधली एक इंग्रज बाई माझ्या शेजारी येऊन बसली. ती नर्स होती, आता रिटायर झालेली. हळू आवाजात तिनं विचारलं, "हाऊ लाँग हॅज ही बीन लाइक धिस?"

"लाइक व्हॉट?" मी म्हटलं, अशा सुरात की पुढे तिनं काही बोलूच नये.

ती रागावली नाही. माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिली, आणि मला तिचा हात झटकून टाकावासा वाटला. परक्या बाईला जे दिसतं ते मला दिसत नव्हतं थोडंच. दिसत होतं म्हणूनच राग येत होता.

राजधानीत, मॉन्टेव्हिडिओला, शेवटचं जेवण होतं. तिथे समुद्रासारखी रुंद नदी आहे आणि तिच्या काठाकाठानं सगळं शहर संध्याकाळी फिरायला निघतं. आम्ही लांब टेबलाशी बसलो होतो. गाइडनं आभाराचे दोन शब्द म्हटले, सगळ्यांनी ग्लास उचलले, यांनीही उचलला. यांचे मॅनर्स कधी चुकत नाहीत. मग माझ्या कानाशी वाकून, यजमानांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, यांनी विचारलं, "आपण कुणाकडे आलोय गं?"

टूर म्हणजे कुणाच्या घरी जाणं नसतं. पण यांना वाटत होतं, एवढी माणसं, एवढं जेवण, म्हणजे कुणाचं तरी कार्य असणार आणि यजमानांचं नाव विसरणं बरं दिसत नाही. त्या विचारण्यात इतकी लाज होती की माझा सगळा राग उतरला आणि नुसती भीती उरली. मी म्हटलं, "आपलीच माणसं आहेत. जेवा."

हीथ्रोला मुलगी घ्यायला आली होती. गाडीत तिनं विचारलं, "मग बाबा, कसं झाला ट्रिप?" हे म्हणाले, "छान झाली. कुठे बरं गेलो होतो आपण?" तिला वाटलं, बाबा गंमत करताहेत. मग आरशात तिनं माझा चेहरा बघितला. यावेळी मी तिचं मराठी सुधारलं नाही. म्हटलं, "जीपीला फोन कर. मला नाही जमायचं बोलायला."

मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट लागली. त्या सकाळी मी यांना इस्त्रीचा शर्ट दिला. मुलगी बाहेर गाडी चालू ठेवून बसली होती. हे बूट घालून दाराशी उभे राहिले, शहाण्या मुलासारखे. आम्ही कुठे चाललोय ते मी दोनदा सांगितलं होतं. सवयीनं मी विचारलं, "अहो, चावी घेतली का?"

यांनी खिशावर हात मारला. "हो, चावी घेतली."

मी थांबले. वाटलं, आत्ता हसतील, डोळा मिचकावतील. हे माझ्याकडे निर्मळ चेहऱ्यानं बघत होते. एवढी वर्षं ज्या शब्दासाठी भांडले तो मला आयता मिळाला होता, आणि तो मला नको होता.

"किल्ली," मी म्हटलं. "किल्ली म्हणायचं."

"चावी काय, किल्ली काय," हे म्हणाले, "दार उघडलं म्हणजे झालं."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "अस्सल मराठी माणूस किल्लीच म्हणतो."

हे मान हलवून हसले, मी नेहमी हसायची तसे, आणि वाद सोडून गाडीकडे चालू लागले. मी दार ओढून घेतलं.