दत्तदांच्या कॅसेटवर शारजाची मॅच

मंडळी, मोठा घात झालाय.

आमच्या बिल्डिंगमधल्या दत्तदांचे वडील एका मोठ्या बंगाली दिग्दर्शकाचे कॅमेरामन. म्हातारपणी दिग्दर्शकानं आपली सगळी कारकीर्द त्यांच्याच कॅमेऱ्यासमोर सांगितली. दोघंही आता नाहीत. त्या मुलाखतीची एकुलती एक कॅसेट दत्तदांनी आम्हाला पाहायला दिली होती.

तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून त्यांनी कडेचा प्लास्टिकचा टॅब मोडलेला. आज आमच्या ह्यांनी त्या भोकावर चिकटपट्टी लावून शारजाची मॅच टेप केली!

"मला वाटलं, मुलांची कार्टून्स आहेत," म्हणे.

रडत रडत कॅसेट शेवटपर्यंत पळवली. मॅच संपल्यावर दत्तदांच्या वडिलांचा आवाज तेवढा उरलाय: "कट."

दत्तदा संध्याकाळी येतायत. सांगा, तेवढा एक शब्द त्यांना ऐकवू, की तोही लपवू?