ओल्या पापडासारखी फ्लॉपी

खोपोलीच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा तो सुरू करायची एकुलती एक फ्लॉपी हरवू नये म्हणून मी ती लोखंडी कपाटाला चुंबकानं चिकटवून ठेवली. चुंबकानं तिच्यावरचं सगळं पुसलं जातं, हे मला पाहुणे कॉम्प्युटर बघायला आले तेव्हा कळलं. पडदा काळाच. साहेबांच्या कपाळावरची शीर माझ्या नोकरीचा निकाल लावत होती.

शेजारच्या खात्यात यंत्र बसवायला आलेला एकजण दारातून पाहत होता. त्यानं हात शर्टाला पुसले, खिशातली फ्लॉपी ओल्या पापडासारखी कडेनं धरली आणि आत सरकवली. पडद्यावर अक्षरं उमटली.

“ह्यातला पोग्राम आमी चौघांनी लिवलाय,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “आतलं समदं उघडं हाय. पायजे तर बदला.”

“परत कधी देऊ?”

“ऱ्हाऊ दे. कुणी कॉपी मागितली तर नाय म्हणू नका, एवढंच.”

तो गेला. नाव विचारायचं राहिलंच.

पाहुणे गेल्यावर साहेब म्हणाले, “ती फ्लॉपी कुलपात ठेवा. कुणाला द्यायची नाही.”

मी लगेच कुलूप लावलं. आत ठेवली ती माझी, चुंबकानं मेलेली. त्याची माझ्या खिशात राहिली, मागेल त्याच्यासाठी.