मागच्या सीटवरच्या अक्षता

ऐंशीच्या दशकात नाशिकमध्ये लहान गाडी पैसे घेऊन गेलं तरी लगेच मिळत नसे. आधी नोंदणी करायची, मग वाट बघायची. मी कॉलेजात शिकवत होते. आमचा नंबर लागल्याचं कळलं तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी चालू होती, म्हणून वडिलांना सोबत घेतलं. ते प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते, आणि भाजी घ्यायची असो की घर, समोरचा आपल्याला फसवणार असं धरूनच ते व्यवहाराला बसत.

"आत चहा घ्यायचा नाही," आग्रा रोडवर रिक्षातून उतरतानाच त्यांनी बजावलं.

"का?"

"चहा प्यायला की माणूस भिडेला पडतो. मग नाही म्हणणं जड जातं."

शोरूममध्ये टाय लावलेला एक विक्रेता पुढे आला. खुर्च्या दिल्या, पंखा वाढवला, चहा मागवला. बोलत मात्र होता फक्त वडिलांशी.

"साहेब, ड्रायव्हर ठेवणार असाल ना?"

"ही चालवते," वडील माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

मग त्यानं आडनाव विचारलं. मग राहायला कुठे, ते विचारलं. वडिलांनी आमच्या कॉलनीचं नाव सांगितलं. "हां, हां," तो म्हणाला आणि त्याच्या बोलण्यातला 'साहेब' तिथून पुढे गळाला. असं 'हां, हां' आम्ही आधीही खूपदा ऐकलं होतं. कदाचित त्याच्या मनात काही नसेलही. पण मी खुर्चीत सावरून बसले.

"तुमचं नशीब चांगलं," तो म्हणाला. "पांढरी गाडी तयार आहे. फक्त टेप आणि सीट कव्हर आमच्याकडूनच घ्यावे लागतील."

"नको असले तर?" मी विचारलं.

"मग दुसरी गाडी कधी येईल, ते आम्हालाही सांगता येणार नाही."

चहा गार होत होता. वडिलांनी कप हातभर लांब सरकवला. मी म्हटलं, "आधी गाडी दाखवा."

मागच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली ती उभी होती. धुऊन पुसून लख्ख केलेली. पहिल्या नजरेला मला ती इतकी आवडली की संशय सोडून द्यावा असं वाटलं. तो दार उघडून टेप कुठे बसेल ते सांगत होता आणि मी नुसती गाडीभोवती फिरत होते. पुढच्या जाळीत काहीतरी पिवळं अडकलं होतं. ओढून काढलं तर झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, सोबत दोऱ्याचा तुकडा.

"पूजा करतो ना आम्ही प्रत्येक गाडीची," तो चटकन म्हणाला.

तोवर वडील मागच्या सीटवर जाऊन बसले होते. मीही आत वाकले. सीट आणि पाठ यांच्यामधल्या फटीत बोटं घातली, तर हाताला तांदूळ लागले. कुंकवात रंगवलेल्या अक्षता, आणि बऱ्याच.

वडिलांनी त्या स्वतःच्या तळहातावर घेतल्या आणि विक्रेत्यासमोर धरल्या. "पूजा काय मागच्या सीटवर बसून करता?"

मी मीटर पाहिला. आकडा अगदी लहान होता. पण मीटरची केबल सुटी करून गाडी पळवता येते, हे मला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, "तुमच्या मॅनेजरना बोलवा."

मॅनेजर आले ते हसतच. आधी म्हणाले, काहीतरी गैरसमज आहे. मग म्हणाले, टेप फुकट देतो. मग सीट कव्हरही फुकट.

"फुकट काही नको," मी म्हटलं. माझा आवाज कापत होता, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. "ही गाडी कुठे गेली होती, तेवढं सांगा."

ते विक्रेत्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मालकांच्या पुतण्याचं लग्न होतं देवळ्याला. वरातीला नेली होती. एकच दिवस. नवरदेव बसलेली गाडी म्हणजे शुभच की ताई!"

"मग नवरदेवालाच द्या," वडील म्हणाले. "आम्ही थांबतो."

"महिने लागतील."

"लागू द्या."

आम्ही बाहेर पडलो. भर उन्हात रिक्षा मिळेना. मला रडू येत होतं. वाटत होतं, मिळत असलेली गाडी आपण उगाच घालवली. वडील मात्र झाडाखाली उभं राहून शांतपणे चष्मा पुसत होते.

महिने लागले नाहीत. आठवडा उलटायच्या आत निरोप आला की दुसरी गाडी आली आहे. टेपचा विषयही कुणी काढला नाही. ही गाडी त्या दिवशीही तिथेच कुठेतरी उभी असणार, हे उघड होतं. आम्ही ती उजेडात आणून, खाली वाकून, फटीफटीत हात घालून पाहिली आणि मगच सही केली. विक्रेता दूर उभा राहून बघत होता.

गाडी रस्त्याला लागल्यावर मी वडिलांना विचारलं, "आपलं आडनाव ऐकूनच त्यानं ती गाडी पुढे केली असेल का?"

त्यांनी खिडकीची काच खाली घेतली. मग म्हणाले, "केली असेल. किंवा समोर येईल त्याला तीच दाखवत असेल. ते आपल्याला कधी कळणार नाही. तू समोर बघून चालव."

मी समोर बघून चालवत राहिले. पेट्रोल घ्यायला पंपावर थांबलो, तर गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून ते खाली उतरले आणि मशीनपाशी जाऊन उभे राहिले.

"आधी शून्य दाखवा," ते पंपावरच्या माणसाला म्हणाले.