गुरुदासाचं बिनखर्चाचं वर्ष

गुरुदास आंबेरकर हा आमच्या गावातला इंटर पास झालेला पहिला माणूस, आणि मी पाहिलेल्यांत सगळ्यात कच्चा हिशोबनीस. या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा नांदत होत्या हे मला आजवर कळलेलं नाही.

१९५५ च्या जूनमध्ये तो कोल्हापूरहून ट्रंक घेऊन उतरला तो घरी न जाता थेट माझ्या दुकानात. माझं किराणामालाचं दुकान, आणि त्याच्याच एका कोपऱ्यात पोस्ट. म्हणजे गूळही मी तोलायचा आणि शिक्केही मीच मारायचे. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाला, "हरिश्चंद्रदादा, औंदा मी कॉलेजात जावचंय नाय."

मी म्हटलं, "नापास झालंस?"

"नाय ओ. हिशोब केलंय."

हिशोब असा होता. त्याचे वडील बोटीवर असायचे, ते तो लहान असतानाच गेले. आई यशोदाकाकी, चार माड आणि भाताचे दोन तुकडे. फी काकी नारळ विकून भरायची, आणि खानावळीचे पंचवीस रुपये मुंबईचं आमचं ग्रामस्थ मंडळ दरमहा कोल्हापूरला पाठवायचं. मंडळात पन्नास चाकरमानी, प्रत्येकाची वर्गणी आठ आणे. त्यामुळे गुरुदासावर पन्नास जणांची आठ-आठ आण्यांची मालकी होती, आणि सुट्टीत तो आला की जो तो त्याला उभा करून प्रगती विचारायचा. मी त्या पन्नासातला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

पुढच्या दोन वर्षांची बी.ए.ची फी माडांना झेपणारी नव्हती. तेव्हा गुरुदासाने ठरवलं, एक वर्ष थांबायचं. गावात नुकतंच हायस्कूल निघालं होतं आणि तिथे इंग्रजीला मास्तर हवा होता. पगार साठ. राहणं घरी, जेवण फुकट. दहा रुपये हातखर्च जाऊन महिना पन्नास शिल्लक, वर्षाचे सहाशे. दोन वर्षांची फी, पुस्तकं, आणि वर एक सायकल. कागदाच्या तळाशी त्याने दोन रेघा मारून लिहिलं होतं, "हे वर्ष बिनखर्चाचे."

मी त्याला पोस्टात बचत खातं उघडून दिलं. पहिले पाच रुपये भरताना तो इतका खूश होता की मला दोन शब्द ऐकवावेसे वाटले, पण स्वतःला आवरलं.

पहिला दणका पगाराच्या दिवशी. साठ रुपयांच्या पावतीवर तिकीट लावून सही घेतली आणि हातात पंचेचाळीस ठेवले. उरलेले पंधरा इमारत निधीला. इमारत अजून पायातच होती, आणि ती मास्तरांच्या पगारातून उभी राहायची आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा दणका मुंबईहून आला. मंडळाचे सेक्रेटरी भाई यांचं पत्र. आपण तूर्त विद्यार्थी नसल्याने मदत बंद. हे त्याने धरलंच होतं. पण पुढे होतं, मंडळ एका वेळी एकाच होतकरू मुलाला मदत करतं, सबब ती जागा दुसऱ्याला दिली आहे. आणि आपण आता कमावते झाल्याने आपली वर्गणी दरमहा एक रुपया, सुशिक्षित म्हणून दुप्पट. तो होतकरू मुलगा भाईंचा सख्खा भाचा. दोनदा मॅट्रिक नापास. गुरुदास आपल्या जागी बसलेल्या मुलासाठी महिन्याला रुपया भरू लागला, आणि तोही वेळेवर. याला काय म्हणावं?

आणि जेवण फुकट! तो कोल्हापुरात होता तेव्हा यशोदाकाकी पेज आणि सगळ्यात स्वस्त मासळी, सुकं तारलं, खाऊन दिवस काढायची. आता पोटचा झील घरात. मासळीवाली राधाबाई पूर्वी काकीच्या दारावरून सरळ पुढे जायची, ती आता पाटी थेट त्यांच्या अंगणात उतरवू लागली. काकीने भाव पाडायला तोंड उघडलं की राधाबाई म्हणायची, "मास्तराच्या घरात घासाघीस शोभता काय गो?" काकीला ते इतकं आवडायचं की ती एक आणा जास्तच द्यायची. देवळाच्या जत्रेची पट्टी विद्यार्थ्याला माफ असे, ती पूर्ण लागू झाली. गणपती दरवर्षी वीतभर यायचा, तो त्या साली हातभर आला. भजनाला माणसं आली तीही गणपतीच्या मापाने, आणि त्या सगळ्यांना उसळ आणि चहा.

पण खरी गंमत पत्रांची. गावातल्या बायकांचे घोव, म्हणजे नवरे, मुंबईला, आणि बहुतेकींना लिहिता येत नाही. आधी मी लिहायचो, तराजू सोडून, कपाळाला आठ्या घालून. गुरुदास आल्यावर मी ते काम त्याच्या गळ्यात घातलं. शाळा सुटली की तो माझ्या बाकावर बसायचा आणि लिहायचा. फुकट. एक पैसा मागितला नाही.

घोटाळा असा की त्याची भाषा कॉलेजातली. हौसाबाई सांगायची, "लिव, मेल्या, दोन म्हयने पैशे नाय, तुझे हात झडले काय?" आणि हा लिहायचा, "आपली प्रकृती उत्तम असेलच. रक्कम आपल्या सवडीने पाठवावी." मग हौसाबाईचा घोव शिवा सवडीनेच पाठवू लागला. पंधराचे बारा झाले, बाराचे दहा. एकट्या तिचंच नव्हे. श्रावणात गावात येणाऱ्या मनीऑर्डरी इतक्या खाली आल्या की मला वाटलं, गिरणी बंद पडली.

गणपतीला शिवा आला आणि बायकोला म्हणाला, "तुझी पत्रां आता कितकी गोड येतत गो! आधी उघडूक भीती वाटा." झालं! हौसाबाई दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात पदर खोचून उभी. गुरुदासाला म्हणाली, "माझा बोलणा तू धुवन लिवतंस? ह्याच्यापुढे बोलतंय तसाच लिवशीत. एक अक्षर इकडचा तिकडे नाय. घे आण." गुरुदासाने आईची आण घेतली. दिवाळीपर्यंत गावाच्या मनीऑर्डरी पूर्ववत झाल्या.

त्याचं मात्र काही पूर्ववत होईना. मे महिना संपत आला तेव्हा त्याच्या बचतीच्या पुस्तकात सदतीस रुपये आठ आणे होते. पहिल्या सत्राची फी, डिपॉझिट आणि खानावळीची आगाऊ रक्कम मिळून एकशेवीस हवे होते, वीस जूनच्या आत. ती तारीख चुकली की दुसरं वर्षही गेलं, आणि शाळेच्या चेअरमननी तर त्याला बोलूनच दाखवलं होतं की मास्तर, आता इथेच राहा, पाच वर्षांत पगार सत्तर होईल. हातात पंचावन्न!

त्या दिवसांत तो बाकावर बसून नुसता पुस्तकाकडे बघत राहायचा. मला त्याची दया यायची, आणि दया आली की मला राग येतो. मी म्हटलं, "अरे, मंडळातल्या सगळ्यांच्या बायकांची पत्रां तूच लिवतंस. प्रत्येकीच्या पत्रात दोन ओळी आपल्या घाल. कोणाक कळतला?"

"आण घेतलंय, दादा," तो म्हणाला.

पण दुकानात भिंतीलाही कान असतात, आणि हौसाबाई तर मीठ घ्यायला आली होती. ती मीठ विसरून बाकावर टेकली. "लिव रे, माझा पत्र. शिवाक. बोलतंय तसाच."

गुरुदासाने टाक उचलला.

"लिव. गुरुदासाची फी कमी पडता. तो वरसभर आमची पत्रां फुकट लिवता. तुमचा मंडळ भाईच्या भाच्याक पोसता, तुमका लाज नाय?"

"हौसाकाकी, ह्या माझ्याबद्दल मी कसा..."

"आण घेतलंस मां? लिव! ह्या म्हयन्याक दोन रुपये जास्ती धाड. मंडळात उठान बोल. बोललंस नाय तर गणपतीक हंय येव नको. आणि लिव, पोरगो हुशार आसा, पण येव्हारात शून्य."

गुरुदासाचे कान लाल झाले. त्याने "येव्हारात शून्य" सुद्धा स्वच्छ अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुळसा आली, मग आनंदी, मग बाकीच्या. आठवडाभर तो स्वतःची कीव आणि स्वतःचे दोष यांचं श्रुतलेखन घेत होता. एकीने तर तो जेवतो फार हेही घालायला लावलं.

मुंबईत काय झालं ते मला नंतर कळलं. मंडळाच्या सभेत पन्नासातले एकेचाळीस जण खिशात पत्र घेऊन उभे राहिले. भाचा भाईंचा, तो हलला नाही. पण वर्गणी आठ आण्यांची बारा आणे झाली आणि वरचे साडेबारा रुपये गुरुदासाच्या नावे लागले. अर्धी खानावळ. बाकी अर्धी त्याने पुढे शिकवण्या करून काढली.

आणि पंधरा जूनला एकेचाळीस मनीऑर्डरी एकदम आल्या. एका दिवसात एकेचाळीस अंगठे! प्रत्येक अंगठ्याला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार म्हणून सही करायला गावात मोकळा माणूस एकच. तो मान खाली घालून सह्या करत होता आणि बायका दोन-दोन रुपये त्याच्यापुढे ठेवून जात होत्या. ब्याऐंशी रुपये. पुस्तकातले सदतीस आठ आणे धरून एकशे एकोणीस रुपये आठ आणे.

आठ आणे कमी. सगळ्या जणी माझ्याकडे बघू लागल्या. मी गल्ल्यातून आठ आणे काढून आपटले. गुरुदास हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी सगळ्यांवर उगाच ओरडलो.

दोन दिवसांनी तो एसटीने गेला. बी.ए. झाला, मुंबईत सरकारी कचेरीत लागला, आणि मग आमच्या गावाला चार दिवसांच्या रजेपुरताच राहिला.

एसटी गेल्यावर यशोदाकाकी दुकानात आली. मी खातं बंद करायच्या कामात होतो आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. म्हटलं, "काकी, वरसभर पोरगो राबलो आणि पुस्तकात काय, तर सदतीस रुपये! उलट गावाक खर्च. कसला वरस म्हणायचा ह्या?"

काकी उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "तुझ्या पुस्तकातला माका काय कळना नाय, हरिश्चंद्रा. पण लगीन होवन ह्या घरात इलंय तेच्यापासून रोज कर्त्या माणसाचा दुसरा ताट वाढूक गावला, असा वरस ह्याच एक. त्याचो बापूस बोटीर होतो, मगे तो गेलो, मगे झील कोल्हापूराक. आता परत एक ताट."

मी शिक्का खाली ठेवला. मग तिने मीठ मागितलं आणि दोन पैशांचं सुकं तारलं, आणि ते मी तिला जरा जास्तच बांधून दिलं.