गोधडीतून उसवलेली पायरी

मथुराकाकू गल्लीत पावलं मोजत फिरायला लागल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कात्रजच्या गावठाणातली आमची गल्ली ती केवढी? बावीस घरं, एक गिरणी, एक नळ आणि टोकाला मारुती. पासष्टीची बाई भर दुपारी ओठ हलवत या टोकाहून त्या टोकाला जायची, मध्येच थांबून पदराला गाठ मारायची आणि पुन्हा चालायला लागायची. जप करत असतील म्हणावं, तर गटाराच्या झाकणापाशी थांबून कोण जप करतं?

त्यात त्यांचा भाचा साईनाथ जागांच्या दलालीत. बुलेट फटफटवत यायचा, काकूंकडे चहा प्यायचा आणि जाताना आमच्या दाराकडे बघून जायचा. आमची दगडी पायरी गल्लीत सव्वादोन फूट पुढे आलेली आहे. सासऱ्यांनी घातली, कुणाला विचारलं नाही. मार्केट यार्डातून आणलेली भाजी मी रोज सकाळी त्या पायरीवर मांडते, त्यावर आमची चूल पेटते. मागच्या वर्षी पलीकडच्या आळीत कुणीतरी महापालिकेला गुपचूप मापं पुरवली आणि एका सकाळी चार घरांचे ओटे गेले. तेव्हापासून टेप घेतलेला माणूस दिसला तरी मला घाम फुटतो.

शेवटी विचारलंच. "काकू, काय चाललंय हे?"

"गोधडी शिवतेय, तनुजा. आपल्या गल्लीची."

"गल्लीची? ती कशाला?"

"हौस हाय," म्हणाल्या आणि नजर चुकवली. चाळीस वर्षांत ज्या बाईनं हौसेनं बांगडी भरली नाही, तिला आता गल्लीची हौस.

मंगळवारी मी साखर मागायचं निमित्त करून त्यांच्या घरात शिरले. जुन्या लुगड्याचं अस्तर आणि त्यावर आमची अख्खी गल्ली. घराघरातून मागून आणलेला एकेक तुकडा. रंगांचा मात्र काही पाचपोच नाही. मारुती हिरव्या मखमलीचा, गिरणी गोणपाटाची, नळ म्हणजे कोटाचं बटण, गटार म्हणजे परकराची नाडी. काकू डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवत होत्या. माझी चाहूल लागताच पटकन उघडले.

आमच्या दारापुढे जीन्सची जाडजूड घडी शिवलेली होती. "ही काय?"

"तुमची पायरी. तेवढीच पुढं येती ना गं रस्त्यात."

बावीस घरांत नेमकी आमचीच बरी दिसली बाईंना. कोपऱ्यात काकूंचे यजमान धोंडिबाकाका बसले होते. उभा जन्म यार्डात हमाली केलेला माणूस, पण दिवाळीपासून गल्लीत दिसला नव्हता. मी "बरंय ना काका?" म्हटलं, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हटलं, हेही सामील आहेत.

"काकू, ती घडी काढून टाका," मी म्हणाले. "पायरी आम्ही रविवारी सकाळीच फोडतोय. भाजी आत मांडणार."

"खरंच?"

"मग काय खोटं बोलतेय मी?"

धडधडीत खोटं बोलत होते. काकूंनी माझ्याकडे बघितलं, कात्री घेतली आणि एकेक टाका उसवला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या. कसं पकडलं, म्हणत मी घरी आले. साखर तिथंच राहिली.

रविवारी पायरी होती तिथंच होती. संध्याकाळी मी दाराच्या आत बसून पावटे सोलत होते. काकू मंडईला गेल्या होत्या. धोंडिबाकाका एकटेच येताना दिसले. हातात काठी नाही, डावा हात भिंतीला, ओठ हलतायत. गिरणी गेली, नळ गेला. अगदी जवळ आले तेव्हा मी त्यांचे डोळे पाहिले. ते सरळ माझ्याकडे होते आणि मी त्यांना दिसत नव्हते.

"काका, थांबा" माझ्या तोंडून निघेपर्यंत नडगी पायरीवर आपटली होती. दोन्ही हातांवर पडले बिचारे.

मी रक्त धूत होते, तेवढ्यात काकू पिशवी घेऊन आल्या. पिशवी तिथंच टाकली. "साखरेनं नजर गेली त्यांची," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "कुणाला कळू देऊ नगं म्हणाले. लोकांची पोती वाहिली जन्मभर, आता कुणी हात धरून न्यावं हे सोसत न्हाई. पंधरा दिवस बोटांनी गल्ली पाठ केली."

मला इतकी लाज वाटली की हळद कुठं लावतेय तेही कळेना. "काका, उद्याच फोडते मी ही पायरी."

त्यांनी दगडाची कड चाचपली. "नगं पोरी. पोट हाय तुझं तिच्यावर. आता ध्यानात राहील."

काकूंनी टाकलेली पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी मी भाजी मांडायच्या आत त्या टेप आणि ती उसवलेली जीन्सची घडी घेऊन आल्या. मी म्हटलं, "सव्वादोन फूट आहे काकू. उंची दीड वीत." त्यांनी ऐकलंच नाही जणू. वाकून स्वतः मापलं, दोनदा. मग समोरच्या वेणूबाईंना हाक मारून म्हणाल्या, "जरा येऊन बघ गं, बरोबर हाय का."